हातचा

वीजबिलाच्या पाठीवर मी बेरीज मांडलीय पेन्सिलीनं.
चेरीचा हंगाम संपला,
पॅकिंगच्या पट्ट्यावरून शेवटची पेटी गेली,
बोटांवरचा लाल डाग तेवढा जायचाय.
तो जायच्या आत निघायला हवं.
फेब्रुवारीतले तीन दिवस, दोन रात्री, नदीकाठ.

कुरिकोहून पेट्रोल : एलिसेओ म्हणतो वीस हजार,
म्हणजे पंचवीस धरा.
जागेचं भाडं माणशी सहा हजार पेसो,
साठीच्या पुढे अर्धं.
सासऱ्यांना म्हटलं, ओळखपत्र विसरू नका.
डॉन अनिसेतो रुसले :
"तोंड बघून कळणार नाही होय त्यांना?"
सहा वर्षांपर्यंत फुकट.
"विचारलं तर सहा सांग," मी बास्तियानला बजावलं.
"पण मी साडेसात आहे."
एवढा सरळ कुणावर गेलाय, देव जाणे.

बर्फ विकत घ्यायचा नाही.
बाटल्यांत पाणी गोठवायचं, आजपासूनच,
वितळलं की तेच प्यायचं.
कलिंगड वाटेवरच्या ट्रकमधून घ्यायचं,
फाटकापाशी दुप्पट लावतात.
नदीत ठेवायचं, भोवती दगड रचून,
आणि राखणीला रोमिना.
चौदाची आहे, तिला तसंही
आमच्यापासून लांबच बसायचंय.
पीठ घरचं, चरबी घरची,
भाकर गरम राखेत पुरून भाजू.
मांस एका रात्री, दुसऱ्या रात्री मसूर.

तंबू विकत घेणं परवडणारं नव्हतं.
तो नणंदेकडून आणला, निदियाकडून.
"नेऊनच टाक," ती म्हणाली, "परत आणू नकोस."
दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही.

अंगणात ताणून बघितला.
आठांतली एक काठी कमी.
एलिसेओनं नव्या झाडूचा दांडा कापला,
त्याचे पैसे मी बेरजेत धरले नाहीत, धरायला हवेत.
कोपऱ्यातून मूठभर काळी वाळू सांडली,
कुठल्याशा समुद्राची,
आणि पत्त्यांतला एक पत्ता, तलवारीचा घोडेस्वार.
तो डॉन अनिसेतोंनी उचलून खिशात घातला.
लेकीचा विषय ते काढत नाहीत.

मी आत शिरून आडवी झाले,
पाठीखाली गवत टोचतंय का बघायला.
डोळ्यांसमोर, उतरत्या कापडावर,
बॉलपेनच्या रेघा :
चार उभ्या, एक तिरपी, चार उभ्या, एक तिरपी.
दोन रकाने. एकात सतरा, दुसऱ्यात एकोणीस.
कुणीतरी पावसात अडकून डाव मांडला असणार.
कुणाचे सतरा, कळायला मार्ग नाही.
तो गेला त्याला आता दोन हिवाळे झाले.

एलिसेओ वाळू झटकायला लागला.
मी म्हटलं, राहू दे.
"का?"
का ते मलाही सांगता आलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा बिल काढलं.
एकक, दशक, शतक.
शाळेत बाई ओरडायच्या :
हातचा विसरलीस की पुढचं सगळं चुकतं,
वरती लिही, बारीक का होईना, लिही.
मी वरती बारीक लिहिलं : निदिया.

मांस गेलं. दोन्ही रात्री मसूर.
मागच्या सीटवर चौघं, कलिंगड पायांत,
तंबू टपावर.
तरी चार हजार कमीच पडतात,
ते कुठून यायचे ते येतील.

फोन लावला.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही.
मग ती म्हणाली,
"आठवी काठी माझ्याकडे आहे,
पडद्याला लावलीय. काढून आणू?"

मी कोपऱ्यातल्या बुटक्या झाडूकडे बघितलं.
म्हटलं, आण.